भाषणातला ट्रिलियन आणि वाशिमचे सोयाबीन

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची होणार, हे वाक्य आता सभांतून पाठ झाले आहे. वाशिममध्ये ते ऐकताना जरा थांबावे लागते. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत गेला. म्हणजे मागासच, शब्द तेवढा गोड.

समृद्धी महामार्ग कारंजा, शेलूबाजार, मालेगाव परिसरातून जातो. रस्ता चांगला आहे. पण त्यावरच्या ट्रकमधल्या मालाला काय भाव मिळावा, हे रस्ता ठरवत नाही.

इथे हमाल, अडते, कापड दुकानदार, शिंपी, सगळ्यांचा हिशेब सोयाबीनवर चालतो. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात भाव वाढत क्विंटलला दहा हजारांपुढे गेला. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. कोंबडीखाद्य महागले होते, हेही खरेच.

२०२४ च्या विधानसभा प्रचारात एका बाजूने सहा हजार, दुसऱ्या बाजूने सात हजार भावाचे आश्वासन आले. हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात तोही मिळत नव्हता. त्याच सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले होते. तेलाचा डबा महागला, घराघरांत कुरकुर झाली; पण शेतकऱ्याच्या पदरात फारसे पडले नाही. कारण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला गिऱ्हाईक नसेल तर नुसत्या तेलाच्या शुल्काने भाव उठत नाही. पुढे मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क पुन्हा उतरवले. इतक्या लवकर नियम बदलत असतील तर तेलगिरणीत पैसा कोण घालणार?

त्यापेक्षा कमी गाजणारी एक योजना आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. काढणीच्या गर्दीत माल फुंकून टाकावा लागत नाही. मात्र गोदामात जागा हवी आणि समितीकडे पैसा हवा. मते मागायला येणाऱ्याला विचारायचेच असेल तर आपल्या तालुक्यातल्या गोदामाची क्षमता किती, हे विचारावे.