इमारतीचा डोल

वाऱ्याने झाड डोलते. तशीच इमारतही डोलते, मात्र तिचा डोल सहसा डोळ्यांना जाणवत नाही. एक झोका जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो, त्यास आंदोलनकाल म्हणतात. सारख्याच वजनाच्या दोन इमारतींपैकी जी अधिक ताठ, तिचा आंदोलनकाल कमी.

अमेरिकेतील पॅसाडेना शहरात मिलिकन ग्रंथालयासाठी बांधलेली नऊमजली इमारत आहे. यंत्राने ती हळूच हलवून १९६७ साली तिचा पूर्व-पश्चिम आंदोलनकाल मोजला. तो सुमारे ०.७ सेकंद भरला. १९७१ च्या सान फर्नांडो भूकंपात तो सुमारे १ सेकंद झाला. धरणी शांत झाली, तरी तो पूर्ववत होईना, ०.८ सेकंदाच्या आसपास राहिला. इमारत तर उभीच होती! परंतु सांधे ढिले झालेली खाट जशी संथपणे झुलते, तसेच हे झाले. भिंतींत, सांध्यांत अथवा पायाखालच्या मातीत काहीतरी सैल झाले होते.

गिलाव्याआड दडलेली भेग डोळ्यांस दिसत नाही. बदललेला आंदोलनकाल मात्र तिची चाहूल देतो. तरीही केवळ एका मोजणीवर निर्णय देता येत नाही, कारण मुसळधार पावसानेही या इमारतीचा आंदोलनकाल किंचित बदलतो.