तिकीट अर्धं झालं, पण रात्रीचं काय?

मैत्रिणींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी वल्लभनगरच्या स्टँडवर पाहावं, तर बायकांचीच गर्दी. कुणी माहेरी, कुणी लग्नाला, कुणी देवाला. पण बहुतेकींचं जाणं त्याच दिवशी परतण्याचं, नाहीतर नातेवाइकांकडे उतरण्याचं. कारण प्रवास स्वस्त झाला, मुक्काम नाही. लॉजच्या एका रात्रीचा आकडा ऐकला की सहल ‘पुढच्या वर्षी बघू’वर जाते, आणि घरात सर्वांत आधी कुणाचं जाणं रद्द होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यावर एक उपाय आहे. खोलीऐवजी नुसती खाट भाड्याने घ्यायची. एका हॉलमध्ये सहा-आठ खाटा, बहुधा रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक. न्हाणीघर सगळ्यांत मिळून. सामानाला छोटं कपाट. याला हॉस्टेल म्हणतात. शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह ते वेगळं, हे प्रवाशांचं. पुष्कळ ठिकाणी बायकांसाठी वेगळा हॉल असतो.

“अनोळखी बायकांच्या शेजारी झोपायचं?” असं सासूबाई विचारतील, आणि खरं तर आपल्याही मनात येईल. आमच्या आकुर्डीत मात्र हा प्रश्न कुणाला पडू नये. तुकोबांच्या पालखीचा पहिला मुक्काम देहूतच इनामदारवाड्यात आणि दुसरा आमच्या विठ्ठल मंदिरात. त्या रात्री शाळेच्या वर्गात, व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे गावोगावच्या बायका पथारी टाकून शेजारीशेजारी झोपतात. पहाटे एकमेकींची गाठोडी राखत अंघोळ उरकतात आणि पुण्याच्या वाटेला लागतात. अहिल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा बांधल्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला बांधल्या, त्या अशाच माणसांसाठी.

गंमत म्हणजे परदेशातलं हॉस्टेलही शाळेतच जन्मलं. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन मास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं. एका गावच्या शाळेत आसरा मिळाला, आणि वर्गात पेंढा पसरून पोरं झोपली. तेव्हा त्यांना वाटलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथेच अशी सोय का करू नये? पुढे आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी कायमचं यूथ हॉस्टेल काढलं.

आपल्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया हे काम करते. नावात ‘यूथ’ असलं तरी वरच्या वयाची अट नाही, तेव्हा चाळिशीच्या मैत्रिणींनी बिचकू नये. सभासद झालात की त्यांची हॉस्टेलं, ट्रेक, कुटुंबांसाठीची शिबिरं यांचा लाभ घेता येतो. पणजीजवळ मिरामारला समुद्राच्या अगदी जवळ यूथ हॉस्टेल आहे. (एसटीची सवलत मात्र महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, हे गोव्याला निघताना लक्षात असू द्या.) रेल्वेचं पक्कं किंवा आरएसी तिकीट असेल, तर त्याच्या पीएनआर नंबरवर मोठ्या स्थानकांवरच्या विश्रामगृहात खोली किंवा खाट मिळते. पहाटेची गाडी पकडायची असेल तर याच्यासारखी सोय नाही. आणि शेगाव, शिर्डी, पंढरपूरची भक्तनिवासं तुम्हाला माहीतच आहेत.

आता हिशेब. तो नीट करा, कारण इथेच फसगत होते. हॉस्टेलचं भाडं माणशी असतं, लॉजचं खोलीला. समजा, खाट ६०० रुपये आणि साधी खोली १,८०० रुपये. एकटी किंवा दोघी गेलात तर खाटेत फायदा आहे. तिघी गेलात की बरोबरी. चौघांचं कुटुंब असेल तर खाटांचे २,४०० होतात आणि खोलीच स्वस्त पडते! शिवाय नव्या धर्तीच्या बऱ्याच हॉस्टेलांत अठरा वर्षांखालच्या मुलांना सामायिक हॉलमध्ये घेत नाहीत. तेव्हा नवरा-मुलांसह जायचं तर भक्तनिवास बरं, आणि मैत्रिणी-मैत्रिणी निघालात तर हॉस्टेल.

भक्तनिवासांचीही एक अडचण आहे. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, मग बाईची तर बातच सोडा. मला हा नियम मुळीच पटत नाही. देवदर्शनाला एकट्या आलेल्या बाईने रात्री अकरा वाजता जायचं कुठे? पण नियम आहे तोवर निघण्याआधीच फोन करून विचारलेलं बरं. गुरुवार, एकादशी, उत्सवाचे दिवस टाळलेत तर जागा लवकर मिळते.

फोनवर विचारताना लाजू नका. बायकांचा हॉल वेगळा आहे का, की फक्त ‘मिळेल’ म्हणतात? त्या हॉलला आतून कडी आहे का? रात्री कचेरीत कोण असतं? दार किती वाजता बंद होतं? जवळच्याच गावी जाणार असाल तर आणखी एक विचारा. काही हॉस्टेलवाले त्याच शहराचा पत्ता असलेलं ओळखपत्र चालवून घेत नाहीत, आणि हे दारात पोचल्यावर कळलं तर काय उपयोग? उत्तरं तुटक आली, तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही. आगाऊ पैसे परत मिळतात की नाही, तेही लिहून घ्या.

पिशवीत स्वतःचं छोटं कुलूप हवंच. कपाट त्यांचं असलं तरी कुलूप बहुधा आपलं लागतं. एक चादर, टॉवेल, साबण, रबरी चपला, आणि न्हाणीघरात कपडे टांगायला प्लॅस्टिकची पिशवी. जड मंगळसूत्र घरी ठेवा, काळ्या मण्यांची साधी पोत पुरते. गुडघे दुखत असतील तर पैसे भरतानाच खालची खाट मागून घ्या, रात्री कुणी बदलून देत नाही. आणि सकाळी साडेपाचला उठा. सातनंतर गरम पाण्याचा नळ आणि आरसा, दोन्हींपुढे रांग लागते.