तुराटीचा गॅस, काळ्या मातीचा हिशेब

सोयाबीनची मळणी उरकली की नांदेड-लातूरच्या शिवारात काडाचे ढीग लागतात. पुढे कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या येतात. काही गुरांपुढे जाते, काही चुलीत, आणि उरलेले बरेचदा बांधावर पेटवून दिले जाते. खरे तर त्यातून स्वयंपाकाचा गॅस निघू शकतो.

शेणाचा गॅस आपल्याला नवा नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या तरंगत्या टाकीने तो गावोगावी नेला. पण चाऱ्याचे निम्मे काम जनावराच्या पोटातच झालेले असते. कोरडे काड मात्र टाकीत तसेच तरंगत राहते. त्यातला सेल्युलोज हे जिवाणूंचे अन्न. त्याभोवती लिग्निनचे कवच असते आणि हवाबंद टाकीत ते जवळजवळ पचतच नाही.

म्हणून आधी कुट्टी करायची, मग अल्कलीत भिजवायचे. अल्कली लिग्निन आणि हेमिसेल्युलोज यांना जोडणारे बंध तोडते, तंतू फुगतात आणि जिवाणूंच्या विकरांना आत वाट मिळते. मऊ काड लवकर वळणावर येते. लाकडासारख्या तुराटीला जास्त वेळ द्यावा लागतो.

अल्कली कोणती, हा मराठवाड्यात कळीचा प्रश्न आहे. कॉस्टिक सोडा झटपट काम करतो, पण गॅस निघाल्यावर टाकीत उरलेली मळी शेवटी शेतातच जाते. सोडियम साठला की काळी जमीन चोपण होते, निचरा थांबतो. चुना सावकाश काम करतो, पण त्यातले कॅल्शियम मातीची घडण राखते. शिवाय मात्रा बेताची असेल तर काड धुवावे लागत नाही; टाकीतला कार्बन डायऑक्साइड उरलेला चुना शमवतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याची ही बचत मोलाची आहे.

तिसरी वाट पशुपालकांच्या ओळखीची आहे. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि सुमारे तीन आठवडे ढीग हवाबंद झाकायचा. सुटणारा अमोनिया तंतू सैल करतो आणि नत्रही पुरवतो. जिवाणूंना कार्बन-नत्राचे प्रमाण २० ते ३० ला १ असे लागते. काडात नत्र तोकडे असते. मात्र अमोनिया वाढला तर मिथेन करणारे सूक्ष्मजीवच मंदावतात, म्हणून शेणाची जोड आणि मोजकी मात्रा हवीच.

किती गॅस निघाला एवढ्यावर प्रक्रियेची पारख करू नये. मळी पडलेले रान दहा वर्षांनीही भुसभुशीत राहिले पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असे रसायन तेच.