डोळे शाबूत, तरीही दिसेना

धनादेश परत जाण्याच्या कारणांमध्ये 'स्वाक्षरी जुळत नाही' हे कारण प्रत्येक शाखेच्या परिचयाचे आहे. ग्राहक वयोवृद्ध असेल तर आपण त्याचा संबंध थरथरणाऱ्या हाताशी किंवा मोतीबिंदूशी जोडतो, आणि बहुधा ते बरोबरही असते. परंतु कधी कधी स्वाक्षरी नमुन्याबरहुकूम, वळणदार असते. फक्त ती नेमून दिलेल्या जागेऐवजी रकमेच्या ओळीवर किंवा अगदी कडेला तिरपी उमटलेली असते. पासबुकातील शेवटची शिल्लक डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. एटीएमच्या खाचेच्या आजूबाजूलाच कार्ड फिरत राहते. नेत्रतज्ज्ञ तपासून सांगतात की डोळे उत्तम आहेत. अशा वेळी चष्म्याचा क्रमांक बदलत बसण्यापेक्षा मेंदूचा विचार करणे अगत्याचे ठरते.

डिमेन्शिया या रोगसमूहाला आपण मराठीत 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. हा शब्द रूढ झाला असला तरी तो थोडा दिशाभूल करणारा आहे, असे मला वाटते. त्यामुळे विस्मरण नाही म्हणजे हा आजार नाही, असा समज होतो. वास्तविक या समूहातील काही आजारांत स्मरणशक्ती बराच काळ टिकते आणि आधी बिघडते ते पाहणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना डिमेन्शिया आहे. यांतील पुष्कळ जण आपल्याच बँकांचे खातेदार आणि निवृत्तिवेतनधारक असणार.

डोळा केवळ प्रतिमा टिपतो. तिचा अर्थ मेंदू लावतो. डोक्याच्या अगदी मागील भागात ही माहिती प्रथम पोहोचते आणि तेथून तिला मुख्यतः दोन वाटा फुटतात, असे अंगरलायडर आणि मिश्किन या संशोधकांनी १९८२ साली मांडले. वरची वाट माथ्याकडे जाते आणि वस्तू कोठे आहे, किती दूर आहे, हात किती पुढे न्यावा, हे ठरविते. खालची वाट कानशिलाकडे जाते आणि ती वस्तू काय आहे, समोरचा चेहरा कोणाचा आहे, हे ओळखते. आजार कोणत्या वाटेवर आधी घाला घालतो, यावर त्याची लक्षणे अवलंबून असतात.

सर्वांत अधिक आढळणारा अल्झायमर हा साधारणतः कानशिलाच्या आतील बाजूने सुरू होतो. तेथे स्मृतीचे केंद्र आहे, आणि त्याला लागूनच आपल्याला जागेचे भान देणाऱ्या पेशी आहेत. या पेशींच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ, मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच या आजारात विसरण्याबरोबर वाट चुकणेही येते. आधी नवख्या गावात, पुढे रोजच्या भाजीबाजारात. आजार माथ्याकडे सरकला की सदऱ्याची बाही कोणती आणि गळा कोणता, हेही उमगेनासे होते. लंडनमध्ये राहणारे अमेरिकी चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ साली या आजाराचे निदान झाले. त्यानंतरही काही वर्षे ते स्वतःचीच चित्रे काढीत राहिले. ती क्रमाने पाहिली असता चेहऱ्याची ठेवण हळूहळू ढळत गेलेली दिसते. एका कसलेल्या हाताचे हे विघटन पाहणे क्लेशदायक आहे. पण या आजारात 'दिसणे' म्हणजे काय होते, हे त्याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखविले असेल.

याच अल्झायमरचे एक विरळा रूप मेंदूच्या मागील भागातून सुरू होते. फ्रँक बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली त्याचे वर्णन केले. विख्यात इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी आपल्याला तो जडल्याचे २००७ साली जाहीर केल्यामुळे तो लोकांना माहीत झाला. हा आजार बहुधा पन्नाशी-साठीतच गाठतो, म्हणजे कित्येकदा नोकरीत असतानाच. रुग्णाची स्मरणशक्ती, बोलणे आणि समज आरंभी चांगली असते. मात्र वाचताना ओळ हरवते, सरकत्या जिन्यावर पाऊल टाकवत नाही, समोरच्या मेजावरील चष्मा दिसत नाही, आकडेमोड अडखळते. एका वेळी एकच वस्तू दिसते, बाकीच्या जणू नाहीशा होतात. चमत्कारिक वाटेल, पण यांतील काही रुग्णांना मोठ्या अक्षरातील मथळा वाचता येत नाही आणि बारीक टाइपातील मजकूर वाचता येतो, कारण मोठे अक्षर एका दृष्टिक्षेपात मावत नाही. अशा व्यक्तीचे निदान होण्यापूर्वी दोन-तीन चष्मे आणि पुष्कळसे टोमणे तिच्या वाट्याला आलेले असतात.

लेवी बॉडी डिमेन्शियाची तऱ्हा वेगळी. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत ज्या सूक्ष्म गाठी पाहिल्या, त्यांच्यावरून हे नाव पडले. यात आकृत्या जुळविणे, घड्याळ काढणे, अंतराचा अंदाज बांधणे या गोष्टी फार लवकर ढासळतात. स्मृती त्या मानाने बरी असते. शिवाय नसलेले दिसू लागते. खोलीत लहान मुले बसली आहेत, पलंगावर मांजर आहे, असे रुग्ण शांतपणे सांगतो. फुलाफुलांच्या पडद्यात त्याला चेहरे दिसतात. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून उपचार लांबविले जातात, हे दुर्दैव होय. दुसरे संकट औषधांचे. भास थांबविण्यासाठी दिली जाणारी काही मनोविकारविरोधी औषधे या रुग्णांना गंभीर अपाय करू शकतात. म्हणून डॉक्टरांना भासांबरोबरच चालण्यातील मंदपणा, झोपेत हातपाय झाडणे आणि लहान लहान होत जाणारे हस्ताक्षर यांचीही माहिती द्यावी. या आजारात सकाळी गोंधळलेली व्यक्ती दुपारी अगदी सावध असू शकते.

रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे येणाऱ्या डिमेन्शियात ठरावीक क्रम नसतो. रक्तपुरवठा जेथे खंडित झाला तेथील काम बिघडते. मेंदूच्या उजव्या बाजूला, माथ्याकडील भागात आघात झाल्यास डाव्या बाजूचे भानच राहत नाही. ताटातील डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते आणि अर्जातील डावा रकाना कोरा.

आता या सर्वांच्या उलट असलेला प्रकार. कपाळामागील आणि कानशिलाच्या पुढील भागाचा ऱ्हास झाला की होणाऱ्या डिमेन्शियात जागेचे भान पुष्कळ काळ उत्तम राहते. रुग्ण रोज त्याच रस्त्याने मैलभर फिरून बिनचूक घरी येतो, आकृती हुबेहूब उतरवितो, स्वाक्षरी जागच्या जागी करतो. बिघडलेला असतो तो विवेक. ओळखदेखही नसलेल्या माणसाला तो ठेव मोडून पैसे देईल आणि त्यात त्याला काही वावगे वाटणार नाही. बँकेच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण आमच्या खिडकीवर जे तपासले जाते ते सर्व त्याच्यापाशी शाबूत असते. उलट, ज्याची स्वाक्षरी चौकटीबाहेर जाते त्या पूर्वोक्त रुग्णाला आपल्या पैशाचे पूर्ण भान असू शकते आणि आपण मात्र त्याच्याकडे संशयाने पाहतो. स्वाक्षरी ही वर्षानुवर्षांच्या सरावाने हातात मुरलेली असते. ती सुबक उमटली म्हणजे व्यवहार समजला असे नव्हे, आणि वेडीवाकडी उमटली म्हणजे समजला नाही असेही नव्हे.

कायदाही स्वाक्षरीच्या वळणावर नव्हे, तर आकलनावर भर देतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करतेवेळी त्याचा अर्थ समजण्याची आणि त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम पारखण्याची क्षमता असली पाहिजे. एरवी मन अस्थिर असलेली व्यक्तीही सावध असताना करार करू शकते. त्यामुळे दृष्टिभान बिघडलेल्या ग्राहकाला मदत करणे सोपे आहे: फॉर्म मोठ्याने वाचून दाखवावा, आणि जाड पुठ्ठ्यात स्वाक्षरीपुरती चौकट कापून ती योग्य जागी ठेवावी. हात चालतच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा घेता येतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तर वर्षांवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याबाबतही रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना निर्देश दिले आहेत.

घरीही थोड्या फेरफारांनी पुष्कळ साधते. पांढऱ्या ताटलीतील दहीभात ज्यांना दिसत नाही, तेच तो गडद रंगाच्या ताटलीत वाढल्यास जेवतात. उंबरठ्यापाशी अंथरलेले काळे पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे भासते आणि चकाकणारी फरशी ओली वाटते. पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावावी, नक्षीदार चादरी-पडदे काढावेत, संध्याकाळी दिवे लवकर लावावेत.

निदान झाल्यावर कुटुंबीय बहुधा मुखत्यारपत्राची चौकशी करतात. परंतु याच कायद्याच्या कलम २०१ नुसार मुख्य व्यक्तीचे मन अस्थिर झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे गरज पडते नेमक्या त्याच वेळी ते निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा ग्राहकाची समज शाबूत असतानाच, त्याच्या इच्छेने, विश्वासू व्यक्तीबरोबर 'दोघांपैकी एक किंवा हयात' अशा स्वरूपाचे संयुक्त खाते करावे, नामांकने तपासून घ्यावीत आणि निवृत्तिवेतनाची व्यवस्था शाखेत विचारून ठेवावी. वेळ निघून गेल्यावर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. त्यात महिने जातात आणि औषधांचा खर्च मात्र दर महिन्याला उभा असतो.