चिकटवहीचं दशक

यंदाच्या जूनमध्ये आमच्या भागातल्या एका शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी येणार नाही, हे गावानं आधीच धरून ठेवलं होतं. निरोपसमारंभ रीतसर झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांचं फलकलेखन, त्यांच्या रांगोळ्या, पंधरा ऑगस्टची सजावट, सगळ्याचं कौतुक झालं. चिकटवह्यांबद्दल मात्र एकही जण बोलला नाही. मला ते फार लागलं. सरांनी आम्हाला जे दिलं त्यात ती वही सगळ्यात मोठी, आणि नेमकी तीच गावाच्या आठवणीतून निसटली.

सरांच्या जागी पूर्ण वेळ कुणी का येणार नाही, तेही सांगतो. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं त्याच्या परिशिष्टात आहे. शंभराच्या आत पट असलेल्या शाळा आमच्याकडे कितीतरी. पट असला तरी जो येईल तो तासापुरता. डिंक लावून त्यावर माती बसवलेलं चिकटवहीचं पान वाळायला रात्र लागते. दुसऱ्या दिवशी ते हातात घेऊन कुठं सुटलं, कुठं तडकलं हे मुलासोबत बघावं लागतं. तासापुरत्या आलेल्या माणसाकडं तो दुसरा दिवस नसतो. म्हणून मी पूर्ण वेळ शिक्षकासाठी भांडतो, आणि भांडत राहीन.

आता आमच्या गावाविषयी, तेरखेड्याविषयी. वाशी तालुक्यातलं, सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडं जाणाऱ्या महामार्गावरचं हे गाव महाराष्ट्राला फटाक्यांमुळं माहीत आहे. महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात आम्हाला. दारूची भीती सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती खरी आहे. इथल्या कारखान्यांत स्फोट झालेत, माणसं गेलीत. पण फटाक्यात दारूच्या आधी कागद येतो. रद्दी सळईवर घट्ट वळायची, कडेला खळ लावायची, नळी उन्हात वाळू द्यायची, एका बाजूनं मातीचा बूच ठोकायचा. सुतळी बॉम्ब म्हणजे कागदाच्या डबीवर ताग आवळून गुंडाळायचा आणि त्यावर चिकट हात फिरवायचा. ओला कागद कुठल्या बाजूला वळतो, किती खळ झाली की तो लिबलिबीत होतो, घाईनं वाळवला तर का पोपडतो, हे आमच्या गावात शाळेच्या बाहेरच माहीत होतं. सरांनी ते शाळेत आणलं.

सर येण्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. मराठवाड्याला कागदाचा वारसा मोठा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत मागं नेतात. पुण्याची हातकागद संस्था 1940 ची. पण यातलं काही आमच्या वर्गापर्यंत पोचलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात कार्यानुभव म्हणजे घोटीव कागदाचे त्रिकोण, काडेपेट्यांचे सोफासेट, आणि पतंगी कागदाच्या पताका. सगळ्यांचं सारखं. सगळ्यांचं गुळगुळीत. त्या वर्षांत मला रमवत नाही.

सर आले ते नव्वदीच्या सुरुवातीला. चिकटवही तेव्हाही असायची. तिच्यात राष्ट्रपुरुष, क्रिकेटपटू आणि थोडं धाडस असेल तर नट्या. सरांनी एकच अट घातली: आठवड्याला एक पान, आणि त्या पानावर असं काहीतरी हवं की डोळे मिटून बोट फिरवलं तरी ओळखू यावं. खाली दोन ओळी लिहायच्या. कुठं सापडलं आणि का ठेवावंसं वाटलं. आजकाल शहरात ज्याला आर्ट जर्नल म्हणतात आणि ज्याचे वर्ग पैसे भरून करतात, ते आम्ही दोनशे पानी वहीत करत होतो.

साहित्य विकत घ्यायचं नाही, हा दुसरा नियम त्यांना सांगावाच लागला नाही. पैसे होते कुणाकडं? बाभळीचा डिंक होता. ज्वारीच्या पिठाची खळ होती, तिला कसर लागू नये म्हणून सर चिमटीभर मोरचूद स्वतः टाकायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. एसटीची तिकिटं होती, पातळ, रंगीत, कंडक्टरच्या चिमट्यानं भोकं पाडलेली. येडशी, येरमाळा, पारगाव असा आख्खा प्रवास एका पानावर मांडता यायचा. लग्नपत्रिकांचा सोनेरी उठाव. विडीच्या बंडलाचा दोरा. करडईची वाळकी काटेरी बोंडं, ती बसवली की वही मिटायचीच नाही. ज्वारीच्या धाटाचं भेंड, ज्याच्या आम्ही बैलगाड्या करायचो, ते उभं चिरून चिकटवलं की त्यात रंग जसा मुरतो तसा कुठल्याच कागदात मुरत नाही. चाळणी पालथी ठेवून तिच्यावर कागद ओला करून दाबायचा, वाळला की जाळी उठलेली. भिंतीच्या पांढऱ्या चुन्याचा पातळ हात देऊन त्यावर सर हळदीचं पाणी सोडायचे आणि ते डोळ्यांदेखत लाल होत जायचं. कुंकू असंच करतात हे घरी गेल्यावर आजीनं सांगितलं. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याच्या रानात खडे वेचतात. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या वहीत तो खडा असायचा, कुणी कुटून, कुणी तसाच.

दिवाळीनंतरचं पान मात्र सगळ्यांत वेगळं व्हायचं. पाडव्याच्या सकाळी रस्ते कागदाच्या कपच्यांनी भरलेले असत. न फुटलेल्याला हात लावायचा नाही, वातीजवळचं काही उचलायचं नाही, आणि आणलेलं सगळं आधी सरांसमोर पाण्याच्या बादलीत बुडवायचं, हे ते दरवर्षी तितक्याच कडकपणे बजावायचे. मग त्या ओल्या नळ्या आम्ही उलगडायचो. बाहेरून आलेल्या फटाक्यांतून कधी तमिळ अक्षरं निघायची. गावातल्या नळ्यांतून मराठी निघायची: कुणाच्या वहीतलं गणित, हिशेबाचा कागद, अर्धी बातमी. कडा जळून तपकिरी झालेल्या, मधे काळा डाग, आणि त्यातून डोकावणारं एखाद्या अनोळखी मुलाचं वळणदार अक्षर. असा कागद कुठल्या दुकानात मिळणार? एक मुलगी त्या कपच्या थरावर थर लावून, मग वरचा थर ओला करून मधे मधे फाडायची. खालचं आपोआप वर यायचं. तिला असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं पुण्यात शिकताना मला दोन गोष्टी कळल्या आणि दोन्ही वेळा ती मुलगी आठवली. पिकासोनं 1912 मध्ये वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड लावला, तिथून आधुनिक कलेत चिकटवण्याला मान मिळाला. आणि नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रंगाच्या थरांवर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे दाबून रंग उचलायचे, रोलर फिरवायचे, त्यातून त्यांच्या कॅनव्हासवरचे ते खोल पृष्ठभाग उमटले. आमच्या सरांनी यातलं एकही नाव वर्गात घेतलं नाही. त्यांनी आम्हाला दोरीपाशी आणि फाडलेल्या कागदापाशी नेऊन सोडलं.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्याच्या उमरग्याकडच्या भागात गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. हादरा बसला, मांडणीवरची भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली, पण घरं उभी राहिली. शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं आणि आम्ही सगळ्यांनी कात्र्या काढल्या. सरांनी थांबवलं. मेलेल्या माणसांचे फोटो चिकटवायचे नाहीत, म्हणाले. मग काय करायचं? “आपल्या घराचं वरचं आणा,” एवढंच त्यांनी सांगितलं.

आम्ही माळवदाची माती आणली. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचा हा जड थर, तिकडं माणसं मेली ती याच बांधणीखाली, आणि आम्ही सगळे तशाच घरांत झोपत होतो. सरांनी ती माती चाळायला लावली, डिंकात कालवून बोटानं पानावर पसरायला लावली आणि ओली असतानाच तिच्यावर घरातली कुठलीही एक वस्तू दाबायला सांगितली. कुणी उलथण्याची खूण उमटवली, कुणी बांगडी, कुणी धाकट्या भावाचं पाऊल. दोन ओळी लिहायच्या होत्या, पण त्या आठवड्यात कित्येकांनी त्याखाली काहीच लिहिलं नाही आणि सरांनी ते चालवून घेतलं. पुढच्या काही वर्षांत गावागावांतल्या माळवदांवरची माती उतरली आणि पत्रे आले. ते व्हायलाच हवं होतं. माझ्या पिढीच्या हाताला माळवदाचा जो खरबरीतपणा ठाऊक होता तो मात्र त्या वहीतल्या पानाखेरीज आमच्या घरात आता कुठं उरलेला नाही.

बायकांचीही आठवण काढली पाहिजे. रद्दी भिजवून, कुटून, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायच्या आणि पालथ्या घागरीवर लगदा थापून टोपल्या करायच्या, हे काम घरोघरी व्हायचं. मेथीनं लगदा चिकटतो आणि कडूपणामुळं किडा लागत नाही. सरांनी दोन आयांना वर्गात बोलावलं आणि खुर्ची देऊन बसवलं. आमच्या शाळेत आईला बोलावणं म्हणजे तक्रार असायची. त्या दिवशी त्या शिकवायला आल्या होत्या. पातळ लगदा पानावर थापून त्यात पांदीतली पानं दाबायचं त्या दोघींनी शिकवलं.

याला विरोध करणारे होते. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं वही दोन बोटांत धरून हा उकिरडा कशाला जमवलाय, असं मुलांसमोर विचारलं होतं. त्या दिवशी सरांचा उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. शासकीय रेखाकला परीक्षेलाही या कामाचा काही उपयोग नव्हता. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन; चिकटवण्याला, फाडण्याला, पोताला तिथं जागाच नव्हती. स्मरणचित्रात सगळ्या महाराष्ट्रातली मुलं एकच बाजार आणि एकच पाणवठा काढत राहिली. आता त्या श्रेण्यांवर दहावीला वाढीव गुण मिळतात आणि मुलं गर्दी करतात. गर्दी वाढली याचा मला आनंद होत नाही. परीक्षेनं पोताला एक प्रश्न दिला असता तर चार शाळांत चार चिकटवह्या जिवंत राहिल्या असत्या.

नव्वदीच्या शेवटाला थर्माकोल आलं. मखर, शाळेचा प्रकल्प, किल्ला, सगळं पांढरं, हलकं, निर्जीव. त्याला हात लावला तर हाताला काही कळत नाही. राज्यानं 2018 मध्ये त्यावर बंदी आणली तोवर एका पिढीला कागदाचा लगदा ठाऊकच नव्हता. पुढच्या वर्षांबद्दल लिहायला मन होत नाही. तिकिटं मशीनमधून येऊ लागली आणि त्यांवरची शाई काही महिन्यांत उडते. लग्नपत्रिका फोनवर आल्या. फ्लेक्सनं रंगवलेल्या पाट्या खाल्ल्या. ‘प्रोजेक्ट’ स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागला, मुलानं फक्त नाव घालायचं. मागच्या वर्षी माझ्या पुतणीसाठी एक खोका मागवला होता. त्यात आधीच जुनाट केलेला कागद, कडा जळाल्यासारख्या छापलेल्या, आणि पोत देणाऱ्या लेपाची इवलीशी डबी. ती मन लावून बसली, चांगलं काम केलं तिनं. पण त्या पानात तेरखेडा कुठं नव्हता. कुठलंच गाव नव्हतं. मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या हातात गावातली वस्तू ठेवणारं माणूस आपण शाळेतून काढून घेतलं.

माझी वही अजून आहे. वर्तमानपत्राची कात्रणं तपकिरी होऊन मोडतायत, कारण त्या कागदात लाकडाचा लगदा असतो आणि तो हवा-उजेडात पिवळा पडतो. आजोबांच्या जुन्या जाड हिशेबवहीतला कापलेला कागद मात्र जसाच्या तसा आहे. मातीची पानं तडकलीत, पण सुटली नाहीत. पुतणीनं त्यावरून बोट फिरवलं आणि हे कसं केलं, असं विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कुणा शिक्षकाच्या उपयोगी पडलं तर पडू दे. वहीचं पान एकटं घ्यायचं नाही, तीन पानं खळीनं जोडून पुठ्ठ्यासारखी करायची. जाड हात द्यायच्या आधी मागच्या बाजूलाही खळीचा हात फिरवायचा, नाहीतर पान एका अंगाला ओढलं जाऊन वाकतं. डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. माती दोनदा चाळायची, तिच्यात थोडी खडूची पूड, आणि तडे कमी जावेत म्हणून तागाचे बारीक कातरलेले धागे. पहिला हात पातळ, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत वाऱ्याला ठेवायचं, आणि अर्धवट वाळलं की वर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून पाटा ठेवायचा. ताग तेरखेड्यात कुणाकडंही मागा, मिळेल.