घराच्या विक्रीवरील भांडवली नफा करसवलत

घराच्या विक्रीवरील भांडवली नफा करसवलत ही भारतीय प्राप्तिकर कायद्यातील एक तरतूद आहे. घर विकून झालेला दीर्घकालीन नफा ठरावीक मुदतीत दुसऱ्या घरात गुंतविल्यास तेवढ्या नफ्यावर कर आकारला जात नाही. ही तरतूद प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५४ मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये ती कलम ८२ मध्ये आहे. ब्रिटनमध्ये अशी सूट मुख्य निवासस्थानापुरतीच असते. भारतात भाड्याने दिलेल्या घरालाही ती मिळते.

अटी

सवलत केवळ व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना आहे. विकलेले घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असावे लागते. नवे घर भारतातच आणि विक्रीपूर्वी १ वर्ष किंवा विक्रीनंतर २ वर्षांत खरेदी करावे, अथवा ३ वर्षांत बांधावे लागते. सवलत नफ्यापुरती असते, संपूर्ण विक्री किमतीवर नसते. नफा ४० लाख रुपये आणि नव्या घराचा खर्च ३० लाख असल्यास उरलेले १० लाख करपात्र ठरतात. नवे घर ३ वर्षांच्या आत विकल्यास मिळालेली सवलत हातची जाते.

ग्रामीण भागातील घरे

शहरी हद्दीपासून कायद्याने ठरविलेल्या अंतराबाहेरील शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. गावठाणातील घराला मात्र ही मुभा नाही. त्यामुळे अकोले तालुक्यातील राजूर किंवा कोतूळ येथील जुना वाडा विकल्यासही नफा मोजावा लागतो. घर वारसाहक्काने आले असल्यास मूळ मालकाची खरेदी किंमत व मालकीचा काळ धरतात; ते १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्यास त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून घेता येते. भावंडांनी सामाईक घर विकल्यास प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर स्वतंत्र सवलत मिळते.

नफा खाते

विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत न गुंतविलेली रक्कम भांडवली नफा खाते योजना, १९८८ अन्वये बँकेत ठेवावी लागते. साध्या बचत खात्यातील रक्कम ग्राह्य धरली जात नाही. बँकांच्या ग्रामीण शाखांत हे खाते उघडता येत नाही. त्यामुळे खेड्यातील विक्रेत्याला मुदतीपूर्वीच मोठ्या गावातील शाखा गाठावी लागते.