अब्बांना चालू द्या

हार्ट अटॅकनंतर अब्बा इस्पितळातून घरी आले की सारे घर त्यांच्या पलंगाभोवती जमते. पाणी जागेवर, जेवण जागेवर. ते जरा उठू लागले की स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘अब्बा, तुम्ही बसा, मी आणते!’’ या काळजीत खोट नसते. पण महिन्याभरात पायांतली ताकद जाते, दोन पायऱ्यांतच धाप लागते आणि ती पाहून घरचे आणखीच घाबरतात.

एके काळी डॉक्टरही असेच करीत. रोग्याला चार ते सहा आठवडे अंथरुणात निजवून ठेवत. अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. सॅम्युअल लिव्हाइन आणि डॉ. बर्नार्ड लॉन यांनी अशा रोग्यांना पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवले, तेव्हा अनेकांना तो अविचार वाटला. १९५२ साली त्यांनी ८१ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. खुर्चीने नुकसान झाले नव्हते. उलट सतत पडून राहिल्यानेच पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. आज तर बहुतेक रोग्यांना एक-दोन दिवसांतच उठवून चालवतात. आपल्या घरांत मात्र अजून जुनाच काळ चालू आहे.

किती चालायचे, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावे. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा. जेवणानंतर लगेच नको, भर उन्हात नको. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबा. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती खिशात हवीच. दुखणे थांबलेच नाही तर वाट न पाहता इस्पितळ गाठा.

मशीद जवळ असेल तर असरच्या नमाजला पायी जाणे ही उत्तम सुरुवात. मात्र दहा मिनिटे आधी निघा, जमात चुकेल म्हणून धावपळ नको.

आणि अम्मींचे काय? त्यांना अटॅक आला तर ‘घरकाम करतात, तोच व्यायाम’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ओट्यापाशी तासभर उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे. त्यांचीही संध्याकाळची अर्धी तास कुणीतरी मोकळी करून द्यावी लागेल; भाकऱ्या सुनेने किंवा मुलाने थापाव्यात.

पहिले काही दिवस सोबत कुणीतरी मोठे माणूस असावे. पुढे नातवाला पाठवा. फक्त त्याला बजावा, दादांच्या पुढे पळायचे नाही.